छपरावरचे शेवाळ दरवर्षी परत का येते, आणि पाय न घसरता ते कसे घालवायचे

गणपतीत अंगणातून वर पाहिले की पाखे, म्हणजे छपराची उतरती बाजू, हिरवेगार दिसते. दिवाळीपर्यंत ते काळपट होते आणि मे महिन्यात काळे ठिक्कर. मग कोणीतरी तारेचा ब्रश घेऊन चढते, दोन दिवस खरवडते, कौले लालभडक होतात आणि पुढच्या श्रावणात तेच छप्पर आधीपेक्षा जास्त हिरवे दिसते. कोकणात आणि गोव्यात ही तक्रार घरोघरी आहे. आंबोली, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी तर भिंतीही सुटत नाहीत.

शेवाळ परत येते त्याची कारणे दोन. एक, ते मेलेलेच नसते, फक्त वरचा थर निघालेला असतो. दुसरे, ज्या ओलाव्यावर ते जगते तो तिथेच असतो. खरवडण्याने तर तिसरे कारण आपणच तयार करतो. कौलाचा भाजलेला गुळगुळीत पृष्ठभाग घासला गेला की ते खडबडीत होते, जास्त पाणी धरते आणि बीजाणूंना पाय रोवायला जागा मिळते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मारा, मग थांबा, मग हलक्या हाताने काढा, आणि त्याच हंगामात ओलाव्याचा बंदोबस्त करा.

वर नेमके काय आहे?

सगळ्याला आपण शेवाळ म्हणतो, पण छपरावर चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि चौघींचे उपाय थोडे वेगळे आहेत.

हिरवा बुळबुळीत थर हे खरे शेवाळ. ते पावसात येते, मरते लवकर आणि पाय घसरतात ते मुख्यतः त्याच्यामुळेच.

काळा थर बहुतेकांना जुना मळ किंवा वाळून मेलेले शेवाळ वाटतो. तो बहुधा निळ्या-हिरव्या शेवाळाचा, म्हणजे सायनोबॅक्टेरियाचा असतो आणि तो मेलेला नसतो. या जीवांच्या आवरणात सायटोनेमिन नावाचे गडद रंगद्रव्य असते. ते उन्हातल्या अतिनील किरणांपासून त्यांना वाचवते. मे महिन्याच्या उन्हात ते नुसते झोपून राहतात आणि पहिल्या सरीबरोबर जागे होतात. दरवर्षीच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा या काळ्या थरातच असते.

मखमलीच्या गादीसारखे उठून दिसते ते मॉस. त्याला खरी मुळे नसतात, धाग्यांसारख्या तंतूंनी ते धरून असते. पण ते स्पंजासारखे पाणी शोषून ठेवते, आणि दोन कौलांच्या सांध्यात वाढले तर पाण्याला बांध घालते.

करडे, फिकट हिरवे गोल चट्टे असतात ती दगडफुलाची भावंडे. गोड्या मसाल्यातले दगडफूल याच वर्गातले, पण छपरावरचे काढून डब्यात भरू नका. हे चट्टे सर्वांत चिवट. त्यांना मारता येते, पण त्यांची खूण वर्ष-दोन वर्षे राहते. ती खूण घासून काढायच्या नादात कौल खराब होते.

ओळखायची सोपी परीक्षा: एक काळा डाग पाण्याने ओला करा, त्यावर घरगुती ब्लीचचे चार थेंब टाका, दहा मिनिटे थांबा. डाग फिका पडला तर तो जिवंत थर आहे. तसाच राहिला तर चुलीच्या धुराची काजळी असू शकते. आंब्याच्या झाडाखालचे पाखे फेब्रुवारी-मार्चमध्ये काळे आणि चिकट झाले असेल, तर तो तुडतुड्यांच्या चिकट्यावर वाढणारी काळी बुरशी आहे. ती साबणाच्या कोमट पाण्याने निघते. मात्र झाडावरचे तुडतुडे आटोक्यात आणले नाहीत तर ती दर मोहोराला येणारच.

चढण्याआधी

पहिला प्रश्न, चढायची गरज आहे का? मंगलोरी कौलांचे छप्पर असेल तर बऱ्याच वेळा नसते. ही कौले सहसा खिळ्यांनी ठोकलेली नसतात, रिपेवर, म्हणजे खालच्या आडव्या लाकडी पट्टीवर, अडकवलेली असतात. माळ्यावर किंवा घरात परांची बांधून आतूनच कौल वर उचलून सरकवता येते. शाकारणीच्या वेळी कौले खाली उतरवायची, जमिनीवर धुवायची, उन्हात वाळवायची आणि परत लावायची. हा जुना रिवाज वेळखाऊ आहे, पण याच्याइतका सुरक्षित दुसरा कोणताही नाही. काढताना आढ्याकडून (छपराच्या वरच्या कण्याकडून) वळचणीकडे (खालच्या कडेकडे), लावताना वळचणीकडून आढ्याकडे. १०० चौरस मीटर छपराला साधारण १,५०० कौले लागतात. त्यातली शंभरेक तरी हाताळताना फुटतील असे धरून जुळणारी कौले आधी आणून ठेवा. जुळणारी म्हणजे त्याच कारखान्याची. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले असते. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत आणि तिथूनच गळती सुरू होते.

चढावेच लागणार असेल तर छप्पर कोरडे असतानाच चढा. सकाळी दव असते, तेव्हा किमान दहा वाजेपर्यंत थांबा. ओल्या शेवाळावर कोणताही बूट टिकत नाही, भरवशाचा सोलसुद्धा नाही.

शिडी चार हात उंच टेकणार असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक हात लांब हवा. वरचे टोक वळचणीच्या वर किमान १ मीटर गेले पाहिजे, आणि ते बांधलेले हवे. पन्हळीवर शिडी टेकू नका. शिडीखालच्या चिऱ्याच्या फरशीवरही शेवाळ असते, म्हणून आधी ती जागा घासून कोरडी करा. अनेक अपघात छपरावर नव्हे, इथे होतात.

वर कौलांवर थेट पाय देऊ नका. आडवी पायरी असलेली बांबूची किंवा लाकडी शिडी पाख्यावर झोपवा आणि तिचे वरचे टोक आढ्यापलीकडे आकड्याने अडकवा. वजन शिडीवर पसरते आणि कौल फुटत नाही. एखादे पाऊल कौलावर ठेवावेच लागले तर कौलाच्या खालच्या तिसऱ्या भागावर ठेवा. तिथे खाली दुसरे कौल आणि त्याखाली रीप असते. कौलाचा मधला भाग पोकळीवर असतो, तो तडकतो.

पूर्ण अंगाचा सुरक्षा-पट्टा घ्या, नुसता कमरेचा नको. आयएस ३५२१ हा शिक्का पाहून घ्या. दोर आढ्यावरून पलीकडे टाकून दुसऱ्या बाजूच्या खांबाला किंवा मोठ्या झाडाच्या बुंध्याला बांधा. रीपेला किंवा जुन्या वाश्याला बांधू नका, वाळवी लागलेली असते. दोराची लांबी अशी ठेवा की माणूस घसरला तरी वळचणीच्या अलीकडेच अडेल. खाली एक जण सतत हवा. एकट्याने हे काम करू नये.

तीन धोके सहज नजरेतून सुटतात.

काचेची कौले. उजेडासाठी बसवलेले काचेचे कौल शेवाळाखाली इतर कौलांसारखेच दिसते. चढण्याआधी आतून पाहा, कुठल्या रांगेत कितवे कौल काचेचे आहे ते कागदावर लिहा, आणि वर गेल्यावर आधी तिथे खडूने मोठी फुली मारा. पत्र्यांच्या छपरातल्या फायबरच्या पारदर्शक पत्र्यांचेही तसेच.

वीज. घराचा मेन स्विच बंद केला तरी खांबावरून मीटरपर्यंत येणारी तार चालूच असते. ती वळचणीजवळून जात असेल तर काम सुरू करण्याआधी महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्या. ॲल्युमिनियमची लांब काठी किंवा फवारणीचा धातूचा दांडा तारेच्या ३ मीटरच्या आत नेऊ नका.

कौलांखालचे जीव. गांधीलमाश्यांचे पोळे आणि विंचू कौलांच्या खोबणीत असतात. कौल उचलताना जाड हातमोजे घाला आणि बोटे आत घालण्याआधी काठीने हलवून पाहा.

सिमेंटचे पत्रे: इथे नियम वेगळे

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर चढूच नका, फळी टाकूनसुद्धा नाही. ते वरून धड दिसतात आणि पायाखाली एकदम फुटतात. शिवाय यांतल्या बहुतेकांत ॲस्बेस्टॉस असते आणि पाहून ते ओळखता येत नाही. कोरडे घासले किंवा प्रेशर पंपाने धुतले तर धागे सुटतात. ते श्वासाबरोबर गेले तर फुप्फुसाचे नुकसान कायमचे. हे पत्रे घासायचे नाहीत, खरवडायचे नाहीत, भोक पाडायचे नाही. शिडीवर उभे राहून लांब दांड्याने बीकेसी या औषधाचे पाणी (प्रमाण खाली दिले आहे) फवारा आणि उरलेले काम पावसावर सोडा. दोन पावसाळ्यांत मेलेला थर आपोआप वाहून जातो. तेवढी वाट पाहायची नसेल तर पत्रे बदलणे हाच मार्ग आहे, साफ करणे नव्हे.

कधी करायचे

बहुतेक लोक मे महिन्यात करतात, कारण तेव्हा छप्पर कोरडे असते आणि सुट्टी असते. घासण्यासाठी ते ठीक, मारण्यासाठी चुकीचे. वाळून झोपलेला जीव औषध पीत नाही.

मारण्यासाठी सर्वांत चांगला काळ म्हणजे पाऊस ओसरल्यानंतरचे तीन-चार आठवडे, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून. छप्पर वरून कोरडे झालेले असते पण शेवाळ अजून आतून ओले आणि जागे असते. परतीच्या पावसाचे ढग दुपारी जमतात, तेव्हा दोन-तीन दिवस कोरडे मिळतील असे पाहून फवारा. मे महिन्यातच करायचे असेल तर आदल्या संध्याकाळी खालूनच नळीने पाखे हलके भिजवा, सकाळी पुन्हा एकदा शिंपडा आणि मग फवारा.

दुसरा, हलका हात मेच्या शेवटच्या आठवड्यात, मृगाच्या आधी. त्याचा उद्देश काढणे नाही, पहिल्या पावसात उगवणारे दाबून ठेवणे.

औषध आणि प्रमाण

खालची मापे १०० चौरस मीटर, म्हणजे साधारण १,०७५ चौरस फूट छपरासाठी आहेत. दर चौरस मीटरला पाव लिटर लागते, म्हणजे एकूण २५ लिटर. मॉसच्या जाड गाद्या असतील तर तिथे दुसरा हात.

ब्लीचिंग पावडर: ताज्या पावडरीत वजनाच्या साधारण ३० टक्के क्लोरीन मिळते. २५ लिटर पाण्यात सव्वा किलो, म्हणजे दीड टक्क्याचे पाणी तयार होते. प्लॅस्टिकच्या पिंपात, लाकडी काठीने ढवळा, दोन तास झाकून ठेवा, मग वरचे निवळ पाणी तेवढे घ्या. खालचा साका पंपात गेला तर नोझल बंद पडते आणि कौलांवर पांढरे ओघळ येतात. कोकणाच्या दमट हवेत उघडी पिशवी महिन्या-दोन महिन्यांत निकामी होते. गोळे झालेली, नाकाला न झोंबणारी पावडर वापरू नका. बाटलीतले हायपोक्लोराइट मिळत असेल तर १० टक्क्यांच्या एका भागाला पाच भाग पाणी, घरगुती ४-५ टक्क्यांच्या एका भागाला दोन भाग पाणी.

हे फवारल्यावर १५ ते २० मिनिटे ओलेच राहिले पाहिजे. भर उन्हात पाच मिनिटांत वाळते आणि काम अर्धवट राहते, म्हणून ढगाळ दिवस किंवा सकाळ गाठा. त्यानंतर वरून खाली साध्या पाण्याने धुवा. रंग लगेच उडतो, त्यामुळे काम झाल्यासारखे वाटते, पण मॉसच्या गादीच्या तळापर्यंत ब्लीच पोहोचत नाही.

बेंझाल्कोनियम क्लोराइड: दुकानात बीकेसी म्हणून ओळखतात. कोळंबीच्या तळ्यांना आणि दवाखान्यांना माल पुरवणाऱ्यांकडे मिळते. बहुधा ५० टक्क्यांचे असते. १ लिटर औषध, २४ लिटर पाणी, म्हणजे २ टक्के. याला धुवायचे नाही. फवारून सोडून द्यायचे. किमान सहा तास आणि शक्यतो दोन दिवस पाऊस नको. परिणाम सावकाश दिसतो: मॉस आठवड्याभरात पिवळे, दोन-तीन आठवड्यांत तपकिरी आणि ठिसूळ होते. मॉस आणि काळ्या थरासाठी आमची पसंती यालाच आहे, कारण हे आत मुरते. एक अडचण: कपड्यांचा किंवा भांड्यांचा साबण यात मिसळला तर हे निष्प्रभ होते. चिकटून राहावे म्हणून साबण घालायची सवय इथे सोडा.

एकाच दिवशी दोन्ही वापरू नका. ब्लीचमध्ये ॲसिड, फिनाईल, अमोनिया काहीही मिसळू नका. ॲसिडशी गाठ पडली की क्लोरीन वायू निघतो आणि पिंपावर वाकलेल्या माणसाचा श्वास कोंडतो.

बाथरूमचे ॲसिड छपरावर नकोच. शेवाळ जाते, पण त्याबरोबर सिमेंटही खाल्ले जाते. स्लॅब खडबडीत होतो, आढ्यावरची कौले बसवलेला सिमेंटचा माल भुसभुशीत होतो आणि पुढच्या वर्षी दुप्पट शेवाळ धरते. मोरचूदाचे (कॉपर सल्फेटचे) पाणीही अनेक जण सुपारीच्या फवारणीतून उरलेले वापरतात. त्याने शेवाळ मरते हे खरे. पण ते पाणी पत्र्याच्या पन्हळीवर, खिळ्यांवर पडले की जस्त खाऊन गंज सुरू करते, आणि तळ्यात गेले तर मासे मरतात.

चष्मा, रबरी हातमोजे, गमबूट. वाऱ्याकडे पाठ. फवारण्याआधी खालच्या झाडांना भरपूर पाणी द्या म्हणजे माती आणि पाने औषध कमी घेतील, तुळशीवर प्लॅस्टिक टाका, गुरे आणि कुत्री लांब बांधा, विहिरीवर ताडपत्री घाला. काम झाल्यावर झाडे पुन्हा धुवा.

कौलांवर प्रत्यक्ष काम

पाठीवरचा १६ लिटरचा प्लॅस्टिक पंप पुरतो, दोन फेऱ्या होतात. तणनाशकाचा पंप घेऊ नका. आंबा बागेचा एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप असेल तर जमिनीवरूनच सगळे पाखे गाठता येते, चढण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र दाब कमीत कमी आणि नोझल पसरट धारेचे लावा. ब्लीच वापरल्यावर पंपातून दहा मिनिटे साधे पाणी चालवा, नाहीतर आतले पितळ खराब होते.

धार नेहमी वरून पडल्यासारखी पडली पाहिजे. खालून वर, कौलांच्या तोंडात पाणी मारले तर ते सांध्यातून थेट घरात येते. गाड्या धुवायचा प्रेशर वॉशर याच कारणाने नको. तो सांध्यात पाणी घुसवतो, कौलाचा वरचा थर उडवतो आणि वर उभ्या माणसाला मागे ढकलतो.

मॉस तपकिरी झाल्यावर, म्हणजे तीन आठवड्यांनी, कोरड्या दिवशी काढा. सांध्यातल्या गाद्यांसाठी बांबूची चपटी कामटी, उरलेल्याला काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश. दिशा आढ्याकडून वळचणीकडे. आडवे घासले तर कचरा शेजारच्या खाचेत जातो. नीट मेलेले मॉस बोटाने सोलले जाते. जोर लावावा लागत असेल तर ते मेलेले नाही, पुन्हा फवारा आणि थांबा. पन्हळीत पडलेला सगळा कचरा त्याच दिवशी उचला.

हे करताना प्रत्येक संशयित कौल बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजले तर चांगले, बद्द वाजले तर आत तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. अशी कौले जास्त पाणी पितात. शंका असेल तर कोरडे कौल वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, पुसून परत वजन करा. पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढले, म्हणजे अडीच किलोचे तीन किलोच्या वर गेले, तर ते कितीही धुतले तरी शेवाळणार. ते बदला.

स्लॅबवर

स्लॅबवरचे शेवाळ नकाशासारखे वाचा. पाऊस थांबल्यावर २४ तासांनी वर जा आणि जिथे पाणी उरले आहे त्याभोवती खडूने रेघ मारा. शेवाळाची सीमा आणि ती रेघ बहुतेक ठिकाणी जुळेल. कोब्याला (स्लॅबवरच्या सिमेंटच्या थराला) दर मीटरला किमान १ सेंटीमीटर उतार हवा. तो नसेल तर रसायन कितीही मारा, खड्डा भरून उतार दुरुस्त करेपर्यंत शेवाळ तिथेच येईल.

दुसरी नेहमीची जागा कठड्याच्या मुळाशी. तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलावा, तडकलेला असतो, चिरेत माती आणि माती धरून मॉस. मॉस मारून, खरवडून, चीर उघडी करून लवचीक सीलंटने भरा. त्यावर नुसते सिमेंट फासले तर पुढच्या उन्हाळ्यात ते परत फुटते.

स्वच्छ झालेल्या स्लॅबवर चुन्याचा हात स्वस्त आणि उपयोगी आहे. १ किलो कळीच्या चुन्याला ५ लिटर पाणी, रात्रभर भिजवून गाळून, दोन हात. चुन्याचा तीव्र क्षार शेवाळाला एक हंगाम तरी रोखतो आणि खोलीही थंड राहते. चुना विझताना उकळतो, म्हणून लोखंडी पिंप वापरा आणि तोंड दूर ठेवा.

नेहमीच्या तक्रारी आणि त्यांची कारणे

पंधरा दिवसांत पुन्हा हिरवे झाले. पावडर शिळी होती, फवारा वाळला, किंवा धुवायची घाई झाली. ताज्या औषधाने फक्त हिरव्या भागावर पुन्हा करा. प्रमाण दीड टक्क्याच्या वर नेऊ नका, त्याने पत्रा आणि रंग खराब होतो, शेवाळ जास्त मरत नाही.

बाकी छप्पर स्वच्छ, पण एकच पट्टा हिरवा. त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला पाण्याचा उगम शोधा. टाकीचा ओव्हरफ्लो, सोलर हीटरची हवा सोडणारी नळी, एसीचे पाणी, वरच्या पाख्याची पागोळी खालच्या पाख्यावर पडणे. पाईप लावून ते पाणी थेट पन्हळीत सोडा.

उत्तरेकडचे पाखे दरवेळी जास्त. ऊन कमी मिळते, हे बदलता येत नाही. पण फणस-जांभळाच्या फांद्या छपरापासून दोन मीटर मागे घेता येतात. त्याने ऊन येते, वारा खेळतो, पानांचा कचरा आणि त्याबरोबरची ओल घटते. इतर काही जमले नाही तरी एवढे करा.

साफ केल्यावर गळती सुरू झाली. ब्रशने कौल खाली सरकले असेल, किंवा मॉसने वर्षानुवर्षे उचलून धरलेले कौल आता नीट बसत नसेल. दिवसा माळ्यावर दिवे बंद करून पाहा, उजेडाची फट दिसेल. कौल वर ढकलून रिपेवर परत अडकवा. फट नसेल आणि तरी गळत असेल तर बाजूच्या खाचेत मॉसचा तुकडा अडकला आहे. कौल काढून खाच साफ करा.

पांढरी राख दिसते. ब्लीचिंग पावडरीतला चुना आहे. पाणी आणि मऊ ब्रश, उरलेले पावसात जाते. त्यासाठी ॲसिड घेऊ नका.

कौलांना रंग दिला होता, त्याचे पापुद्रे निघाले आणि खाली हिरवे. जिवंत थरावर किंवा ओल्या कौलावर रंग बसवला गेला. चकचकीत पडदा धरणारा रंग कौलाचा श्वास बंद करतो. आतली ओल रंगाला मागून ढकलते आणि पापुद्र्याखाली शेवाळाला आयती सावली मिळते. पापुद्रे काढा, मारा, वाळवा आणि रंगाऐवजी सिलेन-सिलोक्सेनचा पाणी झटकणारा थर द्या. तो मुरतो, पडदा धरत नाही. पूर्ण कोरड्या कौलावरच, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल. आधी पाच-सहा कौलांवर करून त्यांवर पाणी शिंपडून पाहा: थेंब गोळा होऊन ओघळला पाहिजे.

आढ्यावर तांब्याची पट्टी लावावी का? पावसाबरोबर सुटणारे तांबे शेवाळ रोखते, पण परिणाम पट्टीखालच्या काही रांगांपुरताच. खाली जस्ताच्या पत्र्याची पन्हळ किंवा पत्र्याचे छप्पर असेल तर मोरचूदासारखाच गंज. पन्हळ पीव्हीसीची असेल तरच विचार करा.

रंगीत पत्र्यावर शेवाळ. ब्लीच टाळा. सौम्य साबणाचे पाणी, मऊ ब्रश, भरपूर धुणे. स्क्रूच्या वायसरभोवती आणि दोन पत्र्यांच्या जोडात साबण आणि कचरा राहू देऊ नका, गंज तिथूनच लागतो.

छपराचे पाणी टाकीत किंवा विहिरीत सोडता, मग काय? फवारणीच्या आधी उतरता पाईप टाकीपासून सोडवा आणि पन्हळीचे पाणी ओहोळात किंवा तळ्यात जाणार नाही असे रिकाम्या जागी वळवा. ऑक्टोबरमध्ये बीकेसी मारले असेल तर पुढच्या पावसाळ्यातल्या पहिल्या चार-पाच मोठ्या सरी वाहू द्या. मेमध्ये दुसरा हात दिला असेल तर पहिला पूर्ण आठवडा. टाकी जोडल्यावरही प्रत्येक उघडीपीनंतरचे पहिले २ मिलिमीटर पाणी बाहेर जाईल अशी सोय ठेवा. १०० चौरस मीटरच्या छपराला ते २०० लिटर होते, म्हणजे एक नेहमीचे निळे पिंप. ते पिंप भरले की पुढचे पाणी टाकीकडे वळेल अशी जोडणी कोणताही प्लंबर करून देतो. पिंपाच्या तळाला छोटा नळ बसवून घ्या आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर ते रिकामे करा. सिमेंटच्या पत्र्यांवरून आलेले पाणी मात्र पिण्यासाठी कधीच साठवू नका.